हातचा विसरलेली बेरीज

मराठी भाषेनं हाताचं जेवढं कौतुक केलं आहे तेवढं दुसऱ्या कुठल्याही अवयवाचं केलेलं नाही. (नाकाचं थोडंफार केलं आहे, पण ते बहुतेक कापण्यासाठीच.) मदत करायची तर आपण हातभार लावतो, उसने हवे असले तर हात पसरतो, दिलेले परत आले नाहीत तर हात चोळत बसतो, आणि घेणारा बाजारात दिसलाच तर त्याच्याशी दोन हात करतो. जेवण जमलं तर ‘हाताला चव आहे’ म्हणतो. बिघडलं तर मीठ जास्त झालेलं असतं, त्यात हाताचा काही संबंध नसतो. एवढं सगळं असूनही ‘ही वस्तू हातानं केलेली आहे’ या साध्या वाक्यानं वस्तूची किंमत चढते की उतरते, हे मात्र आपल्याला अजून धड ठरवता आलेलं नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्न सोपा होता. हातानं केलेलं म्हणजे घरचं, आणि घरचं म्हणजे चारचौघांत मिरवायचं नाही. आईनं शिवलेला सदरा घालून शाळेत जाताना मान खाली जायची, आणि मुंबईहून आलेला रेडीमेड बुशशर्ट अंगावर चढला की तीच मान कॉलरच्याही वर यायची. हातसडीचा तांदूळ ज्यांना गिरणीचा परवडत नाही त्यांनी खायचा. आता गंमत अशी, की तोच हातसडीचा तांदूळ मुंबईच्या मोठ्या दुकानात चिमुकल्या कापडी पिशवीत, गळ्याला सुतळी बांधून, ऐटीत बसलेला असतो आणि त्याचा भाव विचारायलासुद्धा इंग्रजी यावं लागतं. साबण हातानं केलेला, कागद हातानं केलेला, लोणचं तर ‘आजीच्या हातचं’ असतंच. (आजी कुणाची, ते बरणीवर लिहीत नाहीत.) हात तोच आणि तांदूळही तोच. मधल्या मधे असं काय झालं, एवढंच मला समजून घ्यायचं आहे.

या चौकशीला निमित्त झालं ते एका फळीचं. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्यानं तिकडे स्नोबोर्ड नावाची वस्तू विकत घेतली आणि ती कारखान्यात कशी तयार होते याची फिल्म मला मोबाइलवर पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘मामा, बघ! अख्खा बोर्ड हातानं बनवलेला आहे!’

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येण्यासाठी पायांना बांधायची फळी. आमच्या डहाणूत बर्फ दोनच ठिकाणी आढळतो: गोळेवाल्याच्या गाडीवर आणि पापलेटच्या अंगावर. दोन्हींवरून घसरण्याची सोय नाही. आणि घसरायचंच असेल तर पावसाळ्यात आमच्या गल्लीत फळीची गरज पडत नाही. पण ज्या देशात सहा सहा महिने बर्फ पडतं, तिथली माणसं करणार काय? 1965 सालच्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थानं मुलींची करमणूक करण्यासाठी दोन स्कीज एकमेकींना जोडल्या, आणि या फळीचा आद्य अवतार जन्माला आला. पुढे 1977 साली जेक बर्टननं व्हर्मॉंट राज्यात अशा फळ्यांचा धंदाच मांडला, आणि 1998 साली जपानमधल्या नागानो इथं तर हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. पोरींना गप्प बसवण्यासाठी केलेली युक्ती ऑलिंपिकपर्यंत पोचू शकते. आपल्याकडे त्यासाठी चमच्यात लिंबू ठेवून पळायला लावतात. तो खेळ अजून शाळेच्या स्नेहसंमेलनापलीकडे गेलेला नाही.

फिल्म मात्र मी दोनदा पाहिली. लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून ठोकळा करतात. त्याच्या फळ्या काढतात. फळी मधे जाड आणि दोन्ही टोकांना पातळ होईल अशी तासतात. बुडाला गुळगुळीत प्लॅस्टिकचा पत्रा, त्याच्या कडेनं पोलादाची पट्टी. ती पट्टी वळणावळणानं वाकवून बसवायची. मग काचतंतूंचं कापड, त्यावर डिंकासारखी राळ, त्यावर लाकूड, पुन्हा कापड, पुन्हा राळ, वर रंगीत आवरण: थेट चिरोट्यासारखे थर. ते सगळं तापलेल्या प्रेसमध्ये घालून दाबतात. बाहेर आलं की जास्तीच्या कडा कापतात, घासतात, पुसतात. आणि शेवटी तो कारागीर त्या फळीवरून तळहात फिरवतो. लग्नाला उभ्या मुलीच्या केसांवरून बापानं फिरवावा तसा.

त्या तळहाताबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट, तो पाहून मला बरं वाटलं. पण किंमत विचारली तर भाच्यानं 500 डॉलरच्या पुढचा आकडा सांगितला. म्हणजे आपले चाळीसेक हजार आणि वर. ‘एवढे?’ असं मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘मामा, हँडमेड आहे ना!’

आता माझ्यातला डहाणूकर जागा झाला. कारखान्यात हातानं बनवलेली खेळायची वस्तू, हे काय आम्हाला नवीन आहे? अहो, आमच्या गावाची ती एक जुनी ओळख आहे. बाहेरच्यांना डहाणू म्हटलं की चिकू आठवतो. बरोबर आहे, डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण चिकूखेरीज आमच्याकडे आणखी एक गोलसर वस्तू तयार होते, आणि ती आजवर या देशातल्या असंख्य वाढदिवसांना हजर राहिलेली आहे. ती म्हणजे फुगा. रबरी फुगा. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, हे ऐकून पाहुणे आधी हसतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे काय, माणसं दिवसभर फुगवत बसतात?’ त्यांना सांगावं लागतं, की फुगवणं हे गिऱ्हाइकाचं काम आहे. आम्ही न फुगलेले फुगे बनवतो. फुगलेली माणसं सगळीकडे फुकट मिळतात. न फुगलेला माल मिळायला कष्ट पडतात.

फुगा होतो कसा ते पाहा. रबराच्या झाडाला चीर दिली की पांढरा चीक गळतो. आपल्या देशात तो मुख्यतः केरळातला. तो गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो, त्यामुळे पिंप उघडलं की पहिला नमस्कार नाकाला होतो. (चिकाशी डहाणूचं नातं असावंच. मूळचं च्युइंगगमसुद्धा मेक्सिकोकडे चिकूच्याच झाडाच्या चिकापासून करत असत. म्हणजे आम्ही चिकाचे फुगे कारखान्यात करतो आणि अमेरिकन पोरं ते तोंडात करत होती.) चिकात गंधक मिसळतात, रंग मिसळतात. मग इथेही एक फळी येते. तिच्यावर फुग्याच्या आकाराचे साचे ओळीनं लावलेले असतात, वटवाघळांसारखे उलटे. साचे आधी चीक धरून ठेवणाऱ्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचे, वाळवायचे, मग चिकात बुडवायचे. बुडवायचे सावकाश आणि उचलायचेही सावकाश. घाई केली तर हवेचा बुडबुडा अडकतो, आणि बुडबुडा राहिला की तेवढी जागा कच्ची. साच्यावर पातळ कातडी धरते. ती अर्धओली असतानाच तिचा काठ वळायचा: कुठे ब्रशानं, कुठे बोटांनी. फुग्याच्या तोंडाशी जी बारीक गोल गुंडाळी असते ना, तीच ही. ती नसेल तर फुगा ओठांत धरता येत नाही, ताणला की तोंडापासूनच फाटतो. मग कोमट पाण्यात धुणं, मग भट्टीत शेकणं. गंधक आणि रबर यांचं लग्न त्या उष्णतेत लागतं. शेवटी पावडर लावून प्रत्येक फुगा साच्यावरून सोलून काढायचा, ताणून बघायचा, मोजायचा, पाकिटात भरायचा. लहान कारखान्यांत यातलं बरंचसं काम हातांवरच चालतं, आणि त्यांतले पुष्कळ हात बायकांचे असतात.

फुग्याचं कुळही काही हलकं नाही. पहिला रबरी फुगा 1824 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केला तो साक्षात मायकेल फॅरडेनं, हायड्रोजनच्या प्रयोगासाठी. त्यानं रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवून कडा दाबून जोडल्या, आणि आतले पृष्ठभाग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे पीठ भुरभुरलं. आपण पोळीला पिठी लावतो ना, तेच. विजेचा एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्या दिवशी त्यानं जे केलं ते कुठल्याही स्वयंपाकघरात चालतं. आणि बुडवून करायचा फुगा अमेरिकेत 1931 साली नील टिलॉटसननं पुठ्ठ्याचं मांजराचं तोंड कापून ते रबराच्या चिकात बुडवून काढलं, तेव्हा चालीला लागला. तेव्हा वंशावळ काढायची झाली तर फुग्याच्या घरी फॅरडे बसलेला आहे. फळीवाल्यांनी आमच्यापुढे फार ऐट करू नये.

तर दोन वस्तू समोर ठेवा. दोन्ही खेळायच्या. दोन्ही कारखान्यात, पण हातांनी होणाऱ्या. दोन्हींशिवाय जगाचं काही अडत नाही. एकीला चाळीस हजार आणि वर ‘हातानं केलेली’ म्हणून कौतुक. दुसरीला एकदोन रुपये, आणि पाकिटावर हाताचं नाव नाही. का?

माझे एक स्नेही आहेत. हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झाले, पण तपासनीसपणातून अजून निवृत्त झालेले नाहीत. ते म्हणाले, ‘यात नीतीचा प्रश्न कुठे आला? एका फळीला किती तास लागतात आणि तेवढ्या तासांत किती फुगे होतात, भागाकार कर. शिवाय लाकूड बघ, पोलाद बघ.’ भागाकार मला मान्य आहे. एका फुग्याला चाळीस हजार द्या, असं फुगेवालासुद्धा म्हणणार नाही. माझा प्रश्न वस्तूच्या किमतीचा नाहीच. हाताच्या किमतीचा आहे. दिवसभर फळी घासणारा हात आणि दिवसभर काठ वळणारा हात, यांत आपण पहिल्याला कारागीर म्हणतो आणि दुसऱ्याला मजूर. हा फरक कुठल्या भागाकारातून आला?

‘कौशल्यातून,’ स्नेही म्हणाले.

आता कौशल्याचंच पाहू. फळीत एखादा बारीक दोष राहिला तर तो बर्फाखाली झाकून जातो. फार तर घसरणारा माणूस दोष स्वतःकडे घेतो. फुग्याचं तसं नाही. फुग्यातला दोष भर समारंभात, पाहुण्यांच्या देखत, मोठा आवाज करून आपलं अस्तित्व जाहीर करतो. एवढी कडक परीक्षा माझ्या माहितीतल्या कुठल्याच धंद्याला नाही. सरकारी पूल पडला तर निदान चौकशी समिती नेमेपर्यंत वेळ मिळतो. कातडी सगळीकडे सारख्या जाडीची, काठ सगळीकडे सारखा वळलेला, आणि हे दिवसातून हजारदा. हजारावा फुगासुद्धा पहिल्यासारखाच व्हायला हवा. याला कौशल्य म्हणायचं नसेल तर मग पट्टीच्या गवयाचा षड्जही सवयीचाच भाग म्हणा.

‘बरं, मग टिकाऊपणा,’ स्नेही म्हणाले. ‘फळी दहा वर्षं टिकेल. तुझा फुगा संध्याकाळी फुगवला की सकाळी आंब्याच्या वाळल्या कोयीसारखा दिसतो. जे टिकतं त्याला किंमत.’

हे मात्र थोडं लागलं. कारण जगात खरोखरच असं चालतं, आणि त्याचा पुरावा आमच्याच तालुक्यात आहे. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की भिंतीवर चौक लिहितात. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी, टोक चेचलेली बांबूची काडी, आणि लिहिणाऱ्या सवाशिणी. मधे पालघाट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं, दिवस गेले, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, की चौक मिटला. शेकडो चौक असे लिहिले आणि मिटले असतील. त्यांतल्या कुठल्या सवाशिणीचं नाव आपल्याला ठाऊक आहे? 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरची ती आकृती कागदावर उतरली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर असं काही जग उभं केलं, की ती चित्रं परदेशांत पोचली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी दखल घेतली. तो मान त्यांचाच होता आणि त्याबद्दल दुमत नाही. पण तीच काडी, तेच पीठ. भिंतीवर होतं तोवर ‘त्यांच्यातली रीत’, आणि कागदावर येऊन खाली सही पडली तेव्हा ‘कला’! कागद टिकतो. फ्रेममध्ये बसतो. विमानातून नेता येतो. भिंत नेता येत नाही, आणि भिंतीबरोबर बाईही राहून जाते.

हा टिकाऊपणाचा मुद्दा मी आमच्या आळीतल्या एका वहिनींपुढे ठेवला. त्या पुष्कळ वर्षं फुग्याच्या कारखान्यात जातात. मी जरा तत्त्वज्ञाच्या आवाजात म्हटलं, ‘वहिनी, दिवसभर एवढे कष्ट करायचे आणि ते सगळे शेवटी फुटायचे. मनाला काही वाटत नाही?’

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘भाऊ, सकाळी भाकऱ्या थापल्या त्या दुपारपर्यंत राहिल्या नाहीत. म्हणून उद्या दगडाच्या थापू का?’

मी गप्प बसलो. मग त्यांनाच माझी दया आली असावी. ‘आणि फुगा फुटलाच नाही तर दुसरा घेईल कोण? आम्हांला काम कुठलं?’

पहिल्या वाक्यात तत्त्वज्ञान आणि दुसऱ्यात अर्थशास्त्र. आणि या दोहोंच्या मधे तांदळातला एक खडाही वहिनींनी सोडला नाही.

त्या भाकरीनं माझे पुढचे चार दिवस खाल्ले. विचार करायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की जगातलं बहुतेक हातकाम हे असं न टिकणारंच आहे. केर काढला, पुन्हा साठला. भांडी घासली, पुन्हा खरकटी झाली. पोराला न्हाऊमाखू घातलं, ते दारात जाऊन मातीत बसलं. अंगणातली रांगोळी दूधवाल्याच्या पायाखाली गेली. आजाऱ्याचं अंग पुसलं, उद्या पुन्हा पुसायचं. टिकणाऱ्या वस्तू करणारे हात त्या मानानं थोडे. त्यांची नावं आपण दगडावर कोरतो, कारण त्यांनी बहुधा दगडच केलेला असतो. आणि ज्या हातांच्या जोरावर ते थोडे हात जेवून-खाऊन दगडापर्यंत पोचले, त्यांच्या कामाची खूण संध्याकाळपर्यंत पुसली जाते. जे टिकतं त्याला किंमत, असं स्नेही म्हणाले. मग जे बाकी सगळ्यांना टिकवून धरतं त्याचं काय, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी पाणी मागितलं. ते त्यांच्या सुनेनं आणून दिलं.

फुग्याला टिकायचं नसतंच मुळी. त्याला एक दिवस साजरा करायचा असतो. चौकालाही तेवढंच करायचं होतं. ज्या कामाचं सार्थक एका दिवसात होतं, ते दुसऱ्या दिवशी शिल्लक नाही म्हणून त्याला कमी लेखणं म्हणजे गाणं संपलं म्हणून गवयाची बिदागी कापण्यासारखं आहे.

पण नुसतं कौतुक करून प्रश्न सुटत नाही. हे मला माझ्या शेजारच्या तालुक्यानं शिकवलं. डहाणूहून तासाभराच्या वाटेवर तलासरी आहे. आज हे दोन्ही तालुके 2014 साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता. तलासरीकडच्या झरी गावात 1945 साली वारल्यांची परिषद भरली. तिथून जो लढा उभा राहिला त्याच्या मुळाशी हाताच्या किमतीचाच प्रश्न होता. जमीनदाराकडे वेठ करायची, म्हणजे राबायचं आणि मोबदला मागायचा नाही. आणि त्याहून भयंकर ते लग्नगडी. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फिटत नाही म्हणून नवराबायकोनं जन्मभर त्याच्या घरी राबायचं. म्हणजे पाहा: भिंतीवरचा लग्नाचा चौक पहिल्या पावसात पुसला जायचा आणि त्याच लग्नाचा आकडा मात्र मरेपर्यंत पुसला जायचा नाही. काय टिकावं आणि काय टिकू नये, हे कुणीतरी नेमकं उलटं ठरवून ठेवलं होतं.

त्या वारल्यांनी ‘आमच्या हातांचं कौतुक करा’ असं म्हटलं नाही. त्यांनी आकडा सांगितला: रोजाला रोख 12 आणे. त्याहून कमी घेऊन जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसं मेली. तरी लढा मोडला नाही. वेठ गेली, लग्नगडी सुटले. हे सगळं गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. ते 1970 साली आलं आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 12 आणे म्हणजे आजचे 75 पैसे. कुणाला हसू येईल. पण त्या 75 पैशांत एक गोष्ट पहिल्यांदा कबूल झाली, की हात हा जमिनीबरोबर किंवा कर्जाबरोबर फुकट मिळत नसतो. त्याचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

शाळेत आम्हाला बेरीज शिकवत तेव्हा गुरुजी मोठ्यानं म्हणून घेत: आठ आणि सात पंधरा, पंधराला पाच, हातचा एक. तो हातचा पुढच्या घरात मिळवायचा विसरला की उत्तर चुके, आणि मग गुरुजींचा हात आमच्या हाताला हातच्याची आठवण करून देई. तेव्हा मला त्या शब्दाचं नवल वाटलं नव्हतं. आता वाटतं. आपण वस्तूंची बेरीज करतो: रबर इतक्याचं, रंग इतक्याचा, वीज, भट्टी, पाकीट, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा. सगळी घरं बरोबर मांडतो. राहतो तो हातचा. स्नोबोर्डच्या बाबतीत हातचा आठवणीनं मिळवतात, एवढाच खरं म्हणजे फरक. मिळवतात हे चांगलंच आहे. त्या परदेशी कारागिराच्या तळहाताचं मोल कमी करा, असं माझं म्हणणं नाही. पण ‘हातानं केलेलं’ ही जर खरंच मोलाची गोष्ट असेल तर ती वस्तू बघून, देश बघून आणि गिऱ्हाइकाचे बूट बघून बदलता कामा नये. नाहीतर ते मोल हाताचं नव्हे; ते त्या पिशवीच्या सुतळीचं.

स्नेह्यांनी शेवटचा डाव टाकला. म्हणाले, ‘समजा, उद्या फुग्याच्या पाकिटावर छापलं, ‘डहाणू येथे हातांनी बनवलेले’. मग झालं तुझं समाधान?’ नाही झालं. छापायला हरकत नाही, मला आवडेलही. पण पाकिटावरचं नाव खिशात पडत नाही. हाताचा मान ठेवायची जगातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी बोलणारी रीत म्हणजे पुरता रोज, वेळेवर, आणि ‘उद्या ये’ न म्हणता. त्यानंतर मग सत्कार, शाल, श्रीफळ, काय हवं ते. आपल्याकडे क्रम उलटा आहे: आपण शाल आधी देतो आणि रोजाचं बघू म्हणतो. श्रीफळ मिळालेल्या पुष्कळ माणसांच्या घरी ते फोडून त्याची चटणी करायला तांदूळ नसतात.

आमच्या तालुक्यातल्या विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते. तिथे फुगेवाले येतात, आणि चांगली चांगली, घरी गाड्या असलेली माणसं दोन रुपयांसाठी त्यांच्याशी अशी घासाघीस करतात की जणू आख्खा चिकूचा बाग विकत घेताहेत. त्यांना मी उपदेश करत नाही. उपदेशाचा फुगा सर्वांत लवकर फुटतो. मी एवढंच सुचवीन, की पुढच्या वाढदिवसाला फुगा तोंडाला लावण्यापूर्वी त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवून बघा. ती बारीक गुंडाळी बोटाला लागेल. तुमच्या आधी तिथून कुणाचं तरी बोट फिरून गेलेलं असू शकतं, आणि त्या दिवशी तसं ते हजारदा फिरलेलं असेल. फुगा फुगवा, पोरांना खेळू द्या, फुटला तर फुटू द्या. तो त्यासाठीच केलेला आहे.

फक्त बेरीज करताना हातचा धरा.